पोच

स्ट्रॉमनेसच्या बंदरावर रात्रीचे अडीच.
पाऊस आडवा, काचेला कान लावून.
टेबलावर हिरवा बोर्ड, त्यातून निघालेली केबल
भिंतीच्या भोकातून धक्क्याखाली जाते,
तिथे एक डबी लाटा मोजते.
तीन आठवडे झाले, दर रात्री
एखादी लाट हिशेबातून गळते.

कर्नलला सगळे पत्ते सारखेच दिसतात,
पोस्टातल्या पेट्या जशा ओळीने.
बहुतेकींत स्मृती राहते. ठेवलं ते तसंच परत देते,
शंभरदा मागा, कुरकुर नाही.
पण काही पेट्यांना मागची भिंतच नसते,
पलीकडून एक हात आत आलेला असतो.
तुम्ही लिहिता, आणि लांब कुठेतरी झडप उघडते.
तुम्ही वाचता, आणि तो हात मूठ उघडून दाखवतो
एकदाच.

म्हणून कंपायलरला शपथ घालावी लागते:
बाबा रे, शहाणपणा करू नकोस.
मघाशी वाचलं म्हणून आत्ताचं वाचन गाळू नकोस,
दोनदा लिहिलंय ते दोनदाच जाऊ दे.
हुशार माणसाला पटवणं फार अवघड,
की तोच प्रश्न पुन्हा विचारण्यातही काही असतं.

पहिला धडा इंग्रिड इस्बिस्टरचा,
भर दुपारी, धक्क्यावरून, फोनवर, वाऱ्यापेक्षा मोठ्यानं:
"दिवा अजून चालू आहे!"
मी म्हटलं, विझवलाय मी. ही काय ओळ.
ओळ निघाली होती खरी,
मधल्या पुलावर निवांत उभी होती
अजून कुणी सोबतीला येतंय का बघत.
लिहिलेलं निघतं. पोचेलच असं नाही.
तर लिहून झालं की त्याच दारावर
काहीतरी विचारायचं. काहीही.
नाव काय तुझं, आवृत्ती कितवी.
उत्तर बाहेर यायचं
तर निरोपाला आधी आत शिरावंच लागतं.
दिवा विझला. इंग्रिडनं नुसता हुंकार दिला,
ऑर्कनीत तेवढी स्तुती पुष्कळ झाली.

गळणाऱ्या लाटेसाठी मग मी पहारेकरी नेमले,
प्रत्येक वळणावर एक:
स्थितीचं रजिस्टर वाच, छाप, पुढे जा.
एकीच्या पाच लाटा गायब व्हायला लागल्या.
मी आणखी पहारेकरी नेमले.

काल रात्री, चहा गार झाल्यावर,
माहितीपुस्तिकेच्या तीनशे बाराव्या पानाखाली
मुंगीएवढ्या अक्षरात एक तळटीप:
"हे रजिस्टर वाचताच शून्य होते."

सकाळी मॅग्नस फ्लेटला फोन केला.
चिप त्याची. आता निवृत्त, मेंढ्या पाळतो.
म्हणाला, "लिहिलं होतं की मी.
पानावर जागा उरली नव्हती."
मागे एक मेंढी ओरडत होती. मी काय बोलणार.
पहिल्याच दिवशी, सहज, बघावं म्हणून टाकलेली
माझीच एक ओळ
अधूनमधून आधी पोचायची,
मूठ उघडायची, बघायची, निघून जायची,
आणि मोजणाऱ्याच्या वाट्याला रिकामी मूठ.
चोर शोधायला लावलेल्या कंदिलानंच
माल जळत होता.

आता एकदाच वाचते.
आलेलं ओंजळीत धरते,
आणि ओंजळीतलंच हवं तितक्यांदा बघते.

आज रात्री गळती नाही. अडीच, तीन, साडेतीन.
एकही लाट चुकली नाही.

पाचला सगळे आकडे एक झाले.
बत्तीसच्या बत्तीस बिट एक.
नवख्याला वाटावं पैकीच्या पैकी मार्क.
पलीकडे कुणीच नसलं की तार असं उत्तर देते,
काहीही विचारा, हो, हो, हो.
कुठे बरं ऐकलाय हा होकार याआधी,
आठवायला गेले आणि सोडून दिलं.

कोट चढवला. टॉर्च घेतला.
हातानंच चाचपावी लागणार केबल.
धक्क्याखाली लाटा येतच होत्या,
एकीमागून एक,
पोच न मागता.